व्हिएतनामचा ई-व्हिसा: २५ डॉलरचं सरकारी पोर्टल, आणि ते अडतं कुठे

आधी निकाल. व्हिएतनामचा पर्यटक व्हिसा स्वतः काढावा, सरकारी पोर्टलवरूनच काढावा, आणि हातात तीन आठवडे असतील तर त्यासाठी एजंटला एक रुपयाही वर देऊ नये. पोर्टलला पाचपैकी साडेतीन गुण. कापलेला दीड गुण व्हिसाच्या अटींसाठी नाही, त्या अटी आशियातल्या सगळ्यात सोप्या अटींमध्ये बसतात. तो गेला पोर्टलच्या वागण्यामुळे: मध्येच बंद पडणारं पान, न येणारे ईमेल, आणि एक अक्षर चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मिळतं काय ते पाहू. १५ ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा झाला. त्याआधी तो ३० दिवसांचा आणि एकाच प्रवेशाचा असायचा. आता एका प्रवेशाचा २५ डॉलर आणि अनेक प्रवेशांचा ५० डॉलर. पासपोर्ट दिल्लीला किंवा मुंबईच्या दूतावास कचेरीत जमा करायचा नाही, बोटांचे ठसे नाहीत, मुलाखत नाही. बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, नोकरीच्या ठिकाणचं पत्र, विमानाचं पक्कं तिकीट, यातलं काहीही अपलोड करावं लागत नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसाला ९० युरो भरून शिवाय केंद्रावर ठसे द्यायला जावं लागतं, त्या मानाने हे म्हणजे रेल्वेचं आरक्षण केल्यासारखं.

पण कागद मागत नाहीत याची दुसरी बाजू अशी की तपासणाऱ्याच्या समोर तीनच गोष्टी असतात: तुमचा फोटो, पासपोर्टचं पान आणि तुम्ही भरलेला अर्ज. तो या तिघांचा मेळ घालतो. मेळ बसला तर व्हिसा, नाही बसला तर अर्ज परत किंवा नकार, आणि नकार आला तरी फी परत मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे चुकीच्या अक्षराचा व्हिसा मंजूर होऊन येणं. तो घरी बसून खराच वाटतो. चूक कळते ती सहार विमानतळावर चेक-इन काउंटरला.

आधी साइट कोणती ते बघा

गूगलमध्ये 'व्हिएतनाम व्हिसा' टाकलं की वर जाहिरातींची रांग लागते. नावात 'व्हिएतनाम', 'ईव्हिसा', 'ऑफिशियल', 'गव्ह्ट' असे शब्द जोडलेले असतात, झेंडा असतो, चिन्ह असतं, खाली बारीक अक्षरात 'आम्ही खासगी सेवा आहोत' असंही लिहिलेलं असतं. तिथे २५ डॉलरच्या कामाचे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. काही साइट खरोखर सरकारी पोर्टलवर तुमचा अर्ज भरतात, म्हणजे फसवणूक अशी नाही, पण अर्ज भरणारा माणूस तुमचं नाव कसं टाकतो ते तुम्हाला दिसत नाही.

खरं पोर्टल व्हिएतनामच्या सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाच्या इमिग्रेशन विभागाचं आहे: इव्हिसा डॉट गव्ह डॉट व्हीएन. पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट व्हीएन' आहे की नाही एवढंच बघायचं. 'डॉट ऑर्ग', 'डॉट कॉम', 'डॉट इन' असेल तर ती खासगी दुकानं. पत्ता स्वतः टाइप करावा, जाहिरातीवर टिचकी मारून जाऊ नये.

मोबाइलवर अर्ज भरता येतो, पण भरू नये. पान लांबलचक आहे आणि बराच वेळ काही हालचाल झाली नाही तर बंद पडतं. भरलेलं सगळं जातं. लॅपटॉपवर बसा आणि बसण्याआधी सगळी माहिती एका वहीच्या पानावर किंवा नोटपॅडमध्ये काढून ठेवा. हे काम आधी केलं तर अर्ज अर्ध्या तासात होतो.

फोटो आणि पासपोर्टचं पान

फोटो ४ बाय ६ सेंटीमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, समोर बघणारा, चष्म्याशिवाय. चष्मा रोज लावता, पासपोर्टमधल्या फोटोतही आहे, तरी इथे चालत नाही. फोटो स्टुडिओत 'व्हिएतनाम व्हिसा' म्हटलं तर ते बहुधा ३५ बाय ४५ मिलिमीटरचा काढून देतात, म्हणून माप सांगा. घरी काढायचा असेल तर भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे उभे राहा, म्हणजे मागे सावली पडत नाही. पांढरा शर्ट टाळा; पांढऱ्यावर पांढरं मिसळून खांदे दिसेनासे होतात.

पासपोर्टचं पान म्हणजे फोटो असलेलं पान. शेवटचं, पत्ता आणि आई-वडिलांची नावं असलेलं पान इथे लागत नाही. ते जोडायचा प्रयत्न अनेक जण करतात. फोटोच्या पानाच्या चारही कडा दिसल्या पाहिजेत आणि तळाच्या त्या दोन ओळी, बाणासारख्या खुणांच्या, अक्षर न् अक्षर वाचता आल्या पाहिजेत. पानावरचं चकचकीत प्लास्टिक ट्यूबलाइटखाली चमकतं आणि नेमका जन्मतारखेवर पांढरा पट्टा उमटतो. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढलेला फोटो सगळ्यात चांगला येतो. दोन्ही फाइली जेपीजी हव्यात. स्कॅनरने पीडीएफ दिली असेल तर बदलून घ्या.

पासपोर्टची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने शिल्लक हवी आणि शिक्क्यांसाठी किमान दोन पानं कोरी. व्हिसा पासपोर्ट क्रमांकाला बांधलेला असतो. व्हिसा काढला आणि मग पासपोर्टचं नूतनीकरण केलं, तर तो व्हिसा गेला असं समजा.

नाव

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडतात, आणि मराठी नावांची रचना त्याला हातभार लावते.

अर्जात दोन रकाने आहेत: 'सरनेम' आणि 'मिडल अँड गिव्हन नेम'. आपल्या पासपोर्टवरही दोनच आहेत: आडनाव वेगळं, आणि 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं नाव व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र. म्हणजे पासपोर्टवर आडनाव 'पाटील' आणि गिव्हन नेम 'राहुल सुरेश' असेल तर पोर्टलवर जसंच्या तसं तेच. 'सुरेश' गाळायचं नाही. विमानाच्या तिकिटावर फक्त 'राहुल पाटील' असलं तर एअरलाइन सहसा खळखळ करत नाही. व्हिसावर 'सुरेश' नसेल तर करते.

दुसरा प्रकार लग्नानंतरच्या नावाचा. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचं, आणि तिकीट काढणाऱ्याने आधार बघून तिकीट काढलेलं. अशा वेळी व्हिसा पासपोर्टप्रमाणेच घ्यायचा आणि तिकीट दुरुस्त करून घ्यायचं, उलटं कधीही नाही. स्पेलिंगचंही तेच. 'दत्तात्रय'ची आणि 'बाळासाहेब'ची इंग्रजीत चार-चार रूपं होतात; आधारवर एक, पॅनवर एक, पासपोर्टवर तिसरंच. इथे पासपोर्टच्या तळाच्या ओळीतलं रूप चालतं, बाकी सगळी विसरायची.

जुन्या पासपोर्टांत, विशेषतः आजी-आजोबांच्या, आडनावाची जागा रिकामी असते आणि सगळं नाव एका ओळीत असतं. तिथे मनाने नाव तोडून आडनाव तयार करू नका. पासपोर्टवर जे ज्या रकान्यात आहे तेच त्या रकान्यात. वेळ असेल तर अशा मंडळींचा पासपोर्ट आधी नीट करून घेतलेला बरा. पुढे दुसऱ्या देशांतही तो अडणार आहे.

पासपोर्ट क्रमांकात एक छोटा खड्डा आहे. साधारणपणे आपल्या क्रमांकात आधी एक इंग्रजी अक्षर आणि पुढे सात आकडे असतात. मग पुढे दिसणारं गोल चिन्ह शून्यच असणार, इंग्रजी 'ओ' नव्हे. घाईत 'ओ' टाइप होतो आणि पडद्यावर फरक दिसत नाही. तारखा दिवस-महिना-वर्ष या क्रमाने आहेत, आपल्यासारख्याच, तेवढी सोय.

मुलांचा सापळा

अर्जात खाली एक तक्ता येतो: तुमच्या पासपोर्टमध्ये समाविष्ट असलेली १४ वर्षांखालील मुलं. आई-वडील सरळ तिथे मुलांची नावं भरतात, फोटो जोडतात आणि दोन मुलांचे ५० डॉलर वाचले म्हणून खूश होतात. हा तक्ता ज्या देशांत मुलांची नोंद पालकांच्या पासपोर्टमध्ये होते त्यांच्यासाठी आहे. भारतात तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो, म्हणून प्रत्येक मुलाचा वेगळा अर्ज, वेगळा फोटो, वेगळी फी. चौघांचं कुटुंब म्हणजे चार अर्ज आणि १०० डॉलर. पोर्टलने भारतीय राष्ट्रीयत्व निवडल्यावर हा तक्ता लपवायला काय हरकत होती कळत नाही. अर्धा गुण इथेच गेला.

तारखा कशा टाकाव्यात

व्हिसाच्या 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा तुम्हीच मागायच्या असतात. ९० दिवस मोजले जातात ते 'पासून'च्या तारखेपासून, तुम्ही उतरलात त्या दिवसापासून नव्हे. 'पासून'च्या आदल्या दिवशी पोचलात तर प्रवेश नाही.

मुंबईहून रात्री निघणारी विमानं दुसऱ्या दिवशी सकाळी उतरतात आणि व्हिएतनामचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास आहे, हे लक्षात घेऊन उतरण्याची तारीख काढा. खरा घोळ परतीला होतो. सहलीच्या कार्यक्रमात '१२ तारखेला परत' लिहिलेलं असतं, विमान मात्र १३ तारखेला पहाटे साडेबाराला सुटतं. 'पर्यंत'मध्ये १२ टाकलेली असली तर अर्ध्या तासासाठी मुदतीबाहेर राहिल्याचा दंड भरावा लागू शकतो. उपाय फुकट आहे: आठ दिवसांच्या सहलीलाही मोठी मुदत मागा. फी २५ डॉलरच राहते. सुरुवातीची तारीख उतरण्याच्या एक-दोन दिवस आधीची ठेवा, शेवटची परतीच्या बरीच पुढची. विमान पुढे-मागे झालं, कोणी आजारी पडलं, तर हीच मोकळीक उपयोगी पडते. अर्जात दुसऱ्या ठिकाणी 'प्रवेशाची अपेक्षित तारीख' आणि 'किती दिवस राहणार' असं विचारतात. तिथे खरी तारीख आणि खरे दिवस टाका.

पत्त्याचा रकाना, २०२५ नंतरचा

हा रकाना आधीही कटकटीचा होता, पण १ जुलै २०२५ नंतर जास्त झाला. त्या दिवशी व्हिएतनामने ६३ प्रांतांचे ३४ केले आणि मधली जिल्ह्यांची पातळीच काढून टाकली. आता प्रांत किंवा शहर, आणि त्याखाली थेट वॉर्ड. हॉटेल बुकिंगच्या साइटवर, हॉटेलांच्या स्वतःच्या कार्डांवर आणि मराठी ट्रॅव्हल ग्रुपमध्ये फिरणाऱ्या जुन्या मार्गदर्शकांत अजून जुनेच पत्ते आहेत. मग माणूस पोर्टलच्या यादीत 'क्वांग नाम' हा होई आनचा जुना प्रांत शोधत बसतो आणि त्याला ते सापडत नाही.

महाराष्ट्रातून जाणारे नेहमी जिथे उतरतात तेवढ्या जागांचं सांगतो. होई आन आता दा नांगमध्ये गेलं. प्रांत दा नांग निवडा आणि वॉर्डमध्ये होई आन, होई आन डोंग किंवा होई आन ताय यांपैकी हॉटेल ज्यात असेल तो. फू क्वोक बेट किएन जांगमध्ये होतं, ते आता आन जांगमध्ये. हा जांगची डोंगरी वाट तुयेन क्वांग प्रांतात. सा पा लाओ काय प्रांतातच आहे, हा लाँग क्वांग निन्हमध्येच, न्हा त्रांग खान होआमध्येच, दा लात लाम डोंगमध्येच. हो ची मिन्ह सिटीचा प्रसिद्ध 'डिस्ट्रिक्ट वन' कागदावर आता अस्तित्वात नाही; बेन थान्ह बाजाराजवळचं हॉटेल बेन थान्ह वॉर्डमध्ये, त्याच्या पूर्वेला साय गॉन वॉर्ड. हनोईच्या जुन्या पेठेतली बहुतेक हॉटेलं होआन किएम वॉर्डमध्ये येतात. शंका असेल तर हॉटेलला मेसेज करून 'नवा वॉर्ड कोणता' एवढंच विचारा, दिवसभरात उत्तर येतं.

सगळ्या हॉटेलांची यादी द्यायची नसते, पहिल्या मुक्कामाचा पत्ता पुरतो. पहिलीच रात्र हा लाँगच्या बोटीवर असेल तर त्याआधी किंवा नंतर ज्या हॉटेलात राहणार त्याचा पत्ता टाका. बोटीचं नाव टाकून गोंधळ वाढवू नका. पुढे हॉटेल बदललं तरी बिघडत नाही, कारण तिथे पोचल्यावर प्रत्येक हॉटेल पासपोर्ट घेऊन तुमच्या मुक्कामाची नोंद पोलिसांकडे स्वतः करतं.

प्रवेशाचं ठिकाण यादीतून निवडायचं असतं: हनोईला नोई बाय, हो ची मिन्हला तान सोन न्हात, न्हा त्रांगसाठी काम रान्ह, शिवाय दा नांग, फू क्वोक वगैरे. काही ठिकाणी ऐकायला मिळतं की यादीतल्या कुठल्याही विमानतळावर उतरलं तरी चालतं. कदाचित चालेलही, पण चेक-इन काउंटरवरच्या मुलीशी पहाटे दोन वाजता वाद घालण्यापेक्षा तिकीट पक्कं करून मग अर्ज केलेला बरा.

बाकीचे रकाने पटापट जातात. धर्म, व्यवसाय, आपत्कालीन संपर्क, अंदाजे खर्च डॉलरमध्ये, विमा काढला की नाही. विमा नसला तर 'नाही' लिहा, त्यावर व्हिसा अडत नाही. कारण 'पर्यटन'. व्यवसायात 'गृहिणी', 'निवृत्त', 'विद्यार्थी' हे इंग्रजीत साधं लिहिलं की झालं.

पैसे भरताना

अर्ज पूर्ण झाला की नोंदणी क्रमांक पडद्यावर येतो. पैसे भरण्याआधी तो लिहून घ्या किंवा त्याचा फोटो काढा. हा क्रमांक, दिलेला ईमेल आणि जन्मतारीख या तीन गोष्टींवरच पुढे अर्जाची स्थिती बघता येते. ईमेलमध्ये एखादं टिंब चुकलं असेल तर तुमचाच अर्ज तुम्हाला सापडणार नाही.

२५ डॉलरवर पेमेंट गेटवेचा थोडा आकार लागतो, आणि वर तुमच्या बँकेचा परकीय चलनाचा आकार. एकूण माणशी सव्वादोन ते अडीच हजार रुपयांच्या आसपास, डॉलरच्या भावाप्रमाणे कमी-जास्त. यूपीआय चालत नाही. 'व्हिसा' कंपनीचं कार्ड किंवा मास्टरकार्ड लागतं आणि त्यावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू असावे लागतात. आपल्या बँका ते मुळातच बंद ठेवतात. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन आधी सुरू करा आणि काम झाल्यावर बंद करा.

पेमेंट अर्ध्यात लटकलं तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. थोडा वेळ थांबा, नोंदणी क्रमांक टाकून स्थिती बघा. पैसे कापले गेले आहेत पण स्थिती 'पैसे भरले नाहीत' दाखवते, असं काही वेळ होतं आणि मग आपोआप सुधारतं. घाईत पुन्हा भरले तर जादा पैशांच्या मागे कोणी धावत बसत नाही.

तीन दिवस म्हणजे किती दिवस

पोर्टल म्हणतं तीन कामाचे दिवस. कामाचे या शब्दावर जोर द्या. शुक्रवारी संध्याकाळी पैसे भरले तर मोजणी सोमवारपासून. प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशी व्हिसा आला तर नशीब. आठवडा लागणं नेहमीचं आहे.

सुट्ट्यांचं कॅलेंडर मात्र आपल्याकडे कोणी बघत नाही. तेतच्या चांद्र नववर्षाला कचेऱ्या आठवडाभर बंद असतात. २०२७ मध्ये तेत ६ फेब्रुवारीला आहे. २ सप्टेंबर हा राष्ट्रीय दिन. आणि ३० एप्रिल व १ मे या दोन सलग सुट्ट्या, त्याच्या आसपास हुंग राजांची सुट्टी. आपल्याकडे शाळांच्या परीक्षा संपतात, मेमध्ये सहली निघतात आणि अर्ज एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात टाकले जातात, नेमके तेव्हा तिकडे टेबलावर कोणी नसतं. मेमध्ये जायचं असेल तर अर्ज एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात करा.

ईमेलवर विसंबू नका. व्हिसा मंजूर झाल्याचा ईमेल अनेकदा स्पॅममध्ये जातो, कधी येतच नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज एकदा पोर्टलवर स्थिती बघा. 'दुरुस्ती हवी' असं आलं असेल तर ते कळायला चार दिवस लागले म्हणजे तेवढे दिवस फुकट गेले. दुरुस्ती बहुतेक वेळा फोटोची किंवा पासपोर्टच्या पानाच्या धूसर प्रतीची असते. त्याच नोंदणी क्रमांकावर नवी फाइल चढवायची, पुन्हा फी नाही. मात्र पैसे भरल्यानंतर तुम्हालाच चूक लक्षात आली आणि त्यांनी दुरुस्ती मागितली नसेल, तर नवा अर्ज आणि नवी फी हाच मार्ग उरतो. २५ डॉलर जातात, पण सहल वाचते.

व्हिसा म्हणजे एका पानाची पीडीएफ. ती उतरवल्यावर पासपोर्ट शेजारी ठेवून सहा गोष्टी मोठ्याने वाचा: पूर्ण नाव, जन्मतारीख, लिंग, पासपोर्ट क्रमांक, दोन्ही तारखा, प्रवेश एक की अनेक. माणशी दोन छापील प्रती काढा. फोनमध्ये आहे म्हणून सोडून देऊ नका, चेक-इनला छापील मागतात.

विमानतळावर

मुंबईत आपल्या इमिग्रेशनवर परतीचं तिकीट आणि हॉटेलची नोंद विचारली जाऊ शकते. आग्नेय आशियात नोकरीच्या आमिषाने नेऊन सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबल्याची प्रकरणं झाल्यापासून एकट्या जाणाऱ्या तरुणांना जास्त प्रश्न येतात. कागद हाताशी ठेवले की दोन मिनिटांचं काम. ईसीआर शिक्क्याचा, म्हणजे ठरावीक १८ देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणारा, पासपोर्ट असेल तरी व्हिएतनाम त्या देशांच्या यादीत नाही; मलेशिया आणि थायलंड आहेत, म्हणून तिथून विमान बदलणाऱ्यांनी सगळे पर्यटनाचे कागद जवळ ठेवावेत. मधल्या विमानतळासाठी वेगळं तिकीट काढलेलं असेल आणि सामान घ्यायला बाहेर पडावं लागणार असेल, तर त्या देशाचे प्रवेशनियमही लागू होतात.

व्हिएतनामला उतरल्यावर 'लँडिंग व्हिसा' अशी पाटी लावलेली खिडकी दिसते आणि तिथे रांग असते. माणूस सवयीने रांगेत उभा राहतो. ती रांग आधी मंजुरीपत्र घेऊन आलेल्यांची आहे. ई-व्हिसावाल्यांनी तिकडे न बघता सरळ इमिग्रेशनच्या रांगेत जायचं. तिथे एक पैसाही द्यायचा नसतो. पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायचा आणि शिक्क्यातली तारीख तिथल्या तिथे वाचायची.

दुसरे मार्ग, आणि एजंट कधी

मंजुरीपत्राचा मार्ग, ज्याला एजंट 'व्हिसा ऑन अरायव्हल' म्हणून विकतात, त्याला पर्यटकासाठी आता फारसा अर्थ उरलेला नाही. त्यात एजंटाचे पैसे वेगळे, उतरल्यावर शिक्क्याचे २५ डॉलर रोख वेगळे, आणि तो फक्त विमानतळावरच चालतो. शिवाय एका पत्रावर अनेक अनोळखी लोकांची नावं आणि पासपोर्ट क्रमांक छापलेले असतात, त्यांत तुमचाही. एजंटकडे जाण्याचं खरं कारण एकच: प्रवास दोन-तीन दिवसांवर आला आहे आणि व्हिसा हातात नाही. तातडीच्या सेवेचे दर तेव्हा ते सांगतील ते. तिथेही पीडीएफ हातात आल्यावर वरच्या सहा गोष्टी तुम्हीच वाचा.

फू क्वोकची सवलत मात्र फार कमी लोकांना ठाऊक आहे. परदेशातून थेट त्या बेटावर उतरलात आणि तिथूनच परत गेलात तर ३० दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही, भारतीयांनाही. बँकॉकहून तिथे थेट विमानं आहेत. फक्त समुद्रकिनारा हवा असेल त्यांना ही चांगली सोय. पण तिथे गेल्यावर 'आता आलोच आहोत तर हो ची मिन्ह बघून येऊ' असं मनात आलं, तर त्यासाठी व्हिसा लागेलच. आधीच ई-व्हिसा काढून गेलात तर दोन्हीचा प्रश्न मिटतो.

आणि ५० डॉलरचा अनेक प्रवेशांचा व्हिसा कोणाला लागतो? ज्यांच्या कार्यक्रमात अंगकोर वाट आहे त्यांना. हनोई, मग सिएम रीप, मग परत हो ची मिन्हहून मुंबई, अशी सहल खूप जण करतात. एका प्रवेशाचा व्हिसा हनोईहून कंबोडियाला निघतानाच संपतो, मुदतीचे कितीही दिवस शिल्लक असोत. मग सिएम रीपच्या हॉटेलात बसून नवा अर्ज, पुन्हा २५ डॉलर, पुन्हा ते तीन कामाचे दिवस. पूर्ण सहल बसने, कंबोडियाला लागून असलेल्या मोक बायच्या सीमेवरून करायची असेल तरीही हाच नियम. तिथे ई-व्हिसा चालतो, अर्जात ते नाव निवडलेलं असलं म्हणजे झालं. कंबोडियाचा व्हिसा अर्थातच वेगळा काढावा लागतो.

रोख रकमेचं शेवटी सांगतो, कारण ते व्हिसाच्या पानावर लिहिलेलं नसतं. भारतातून एका सहलीला परकीय चलनी नोटा ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात, बाकी कार्डावर. व्हिएतनाममध्ये ५,००० डॉलरपेक्षा किंवा १.५ कोटी डाँगपेक्षा जास्त रोख असेल तर कस्टमला जाहीर करावी लागते. १.५ कोटी हा आकडा वाचून दचकू नका, ते साधारण साडेपाच-सहाशे डॉलर होतात. परतताना खिशात उरलेल्या डाँगच्या गड्ड्या एकदा मोजा. आणि व्हेप वापरणाऱ्यांनी तो घरीच ठेवावा, २०२५ पासून तिथे ई-सिगारेटवर बंदी आहे.